परत यायचं आणि परत सोडायचं

समुद्रावर हौसेने गरवायला जाणाऱ्याकडे एक चैन असते, जी पोटासाठी मासे धरणाऱ्याकडे नसते. त्याला कधीही सामान आवरून घरी जाता येतं. पाणी बरं दिसत नाही? नका जाऊ. गळाला लागलेला मासा पिल्लू निघाला? सोडून द्या. दोन्हींमुळे कोणाची चूल अडत नाही. तरीही ही चैन उपभोगायची वेळ आली की माणूस कंजूष होतो. "आता शेवटचाच टाकतो" हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय, स्वतःच्याही, की तो शेवटचा गळ साधारण पाचवा असतो हे मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून इथे दोनच गोष्टींबद्दल लिहितो: आपण परत कसं यायचं, आणि मासा परत कसा सोडायचा. सुरक्षेचे नियम आणि माशांबद्दलचे नियम वेगवेगळ्या पाट्यांवर लिहिलेले असतात, पण दोन्हींच्या मुळाशी शाळेत शिकलेलंच पदार्थविज्ञान आहे. दाब, तरंगणं, लाट, उष्णता. ते एकदा डोक्यात बसलं की पाटी नसली तरी चालतं.

पाणी आधी मागून येतं

भरती एकसारख्या वेगाने चढते असं आपण मनात धरून चालतो. ती तशी चढत नाही. ओहोटीच्या तळापासून भरतीच्या टोकापर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो. या वेळात चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, मग दोन आणि शेवटच्या तासात एक. दर्यावर्दी लोकांचा हा ढोबळ हिशेब आहे. दिवसाला दोन भरत्या येणाऱ्या उघड्या किनाऱ्यांवर तो बऱ्यापैकी जमतो, अरुंद खाड्यांत बिघडतो.

आता हाच हिशेब खडकावर उभं राहून करू. त्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक ३.६ मीटर आहे असं समजा. म्हणजे एक भाग ३० सेंटिमीटरचा. ओहोटी संपता संपता तुम्ही पुढच्या कातळावर जाऊन बसलात. तासाभराने खाली पाहिलंत, पाणी जेमतेम फूटभर चढलेलं. मनात गणित झालं: तासाला फूट, म्हणजे अजून तीन तास बिनघोर. पण पुढच्या एका तासात पाणी ६० सेंटिमीटर चढणार आहे आणि त्याच्या पुढच्या तासात ९०. तुमच्या हिशेबात दोन तासांत दोन फूट, प्रत्यक्षात दीड मीटर.

त्यात एक गंमत अशी की आपण बसायला नेहमी उंचवटा निवडतो. त्या उंचवट्याकडे येताना ज्या घळीतून, ज्या ओल्या वाळूवरून चालत आलो, ती जागा बसायच्या जागेपेक्षा खाली असते. म्हणजे पाणी पायाशी येण्याच्या कितीतरी आधी पाठीमागे भरलेलं असतं. समोरच्या गळावर नजर लावून बसलेल्या माणसाला हे शेवटी कळतं. मी आता येताना घळीतल्या एखाद्या ठळक दगडावर नजर ठेवून येतो. तो दगड भिजला की उठायचं, मग गळाला काहीही लागलेलं असो.

दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे भरतीची वेळ रोज ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. फक्त रविवारी जाणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. सात दिवसांत ही सरकासरक सहा तासांच्या जवळ जाते. मागच्या रविवारी सकाळी आठला छान ओहोटी होती, म्हणून या रविवारी आठला गेलात, तर तिथे जवळजवळ पूर्ण भरती भेटेल. अमावस्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकाच रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. एवढं करूनही भरतीचं वेळापत्रक हा फक्त आकाशाचा हिशेब आहे, हवेचा नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटर वर येते, आणि किनाऱ्याकडे वाहणारा जोराचा वारा त्यात आपली भर घालतो.

निरभ्र आभाळाखालची लाट

खडकावरून माणसं वाहून जातात ती वादळातच, असं नाही. वादळात कोणी तिथे जातच नाही. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, समुद्र शांत, आणि मग एक लाट अशी येते की मागचा कोरडा कातळही धुऊन निघतो. "अचानक आली" असं नंतर सगळे म्हणतात.

ती अचानक आलेली नसते, दुरून आलेली असते. वाल्टर मुंक या समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये पॅसिफिक महासागरात न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी मांडून दाखवून दिलं, की दक्षिणेच्या हिवाळ्यातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर पार करून अलास्काच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. वादळ तिथे, फटका इथे, मध्ये निळं आभाळ.

म्हणून समुद्राच्या अंदाजात लाटेच्या उंचीबरोबर दिलेला दुसरा आकडाही वाचायचा. दोन लाटांमधले सेकंद. लाटेची ताकद उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते आणि या सेकंदांच्या प्रमाणातही वाढते. दीड मीटर उंचीची आठ सेकंदांची लाट आणि दीड मीटरचीच सोळा सेकंदांची लाट, दोन्ही कागदावर सारख्या दिसतात, पण दुसरी दुप्पट ताकद घेऊन येते आणि खडकावर फार वरपर्यंत चढते. शिवाय अंदाजातली ती उंची सर्वांत मोठ्या लाटेची नसते. सगळ्या लाटांपैकी वरच्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. काही तास बसलात तर त्या आकड्याच्या जवळपास दुप्पट उंचीची एखादी लाट येणं हा अपघात नाही, तो गणिताचाच भाग आहे.

उपाय अगदी कंटाळवाणा आहे. खडकावर पोहोचल्यावर रॉड न उघडता, उंचावर अर्धा तास नुसतं बसायचं. मोठ्या लाटा घोळक्याने येतात आणि दोन घोळक्यांमध्ये बराच वेळ समुद्र साळसूद असतो, त्या साळसूदपणात फसून लोक पुढे जातात. कातळ कुठपर्यंत काळा, ओला, शेवाळलेला आहे ते पाहायचं. शेवाळ खोटं बोलत नाही, पाणी जिथे नेहमी पोहोचतं तिथेच ते टिकतं. आणि बसल्यावर समुद्राकडे पाठ करायची नाही, आमिष लावतानासुद्धा नाही.

पडलातच, तर सगळं अंग ओरडून सांगेल की खडक धरा. नेमकं तेच करायचं नाही. खडकाला चिकटलेल्या माणसाला पुढची लाट त्याच खडकावर आपटते. जमेल तेवढं बाहेर, मोकळ्या पाण्याकडे सरकायचं, पाठीवर तरंगत श्वास जागेवर आणायचा आणि मग बाहेर यायला सोपी जागा शोधायची किंवा मदतीची वाट पाहायची. काठावरच्या सोबत्याने उडी मारायची नाही. दोर, रिकामा घट्ट झाकणाचा डबा, जे तरंगेल ते फेकायचं.

पाणी गार असेल तर पहिला शत्रू बुडणं नसून धाप असते. अंग एकदम गार पाण्यात गेलं की माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं की संपलं. थंडीचा शरीरावरचा परिणाम अभ्यासणारे गॉर्डन गिसब्रेख्ट यांचं १-१०-१ हे सूत्र अतिथंड पाण्यासाठी आहे: श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातापायांत कामाची ताकद साधारण १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. या तिन्ही टप्प्यांत जिवंत राहायचं तर तरंगत राहायला हवं, आणि ते काम लाईफ जॅकेटचं.

जॅकेटवर ५०, १००, १५० असे न्यूटनचे आकडे असतात. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजन उचलणारी ताकद. पाण्यात आपलं बहुतेक शरीर आपसूक तरंगतं, पाण्याबाहेर ठेवायचं ते डोकं, आणि ते साधारण पाच किलोचं. म्हणजे ५० न्यूटनचं जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला जेमतेम हात देतं. १५० न्यूटनचं जॅकेट बेशुद्ध माणसालाही बहुतेक वेळा उताणं करून त्याचं तोंड वर ठेवतं. आपोआप फुगणारं असेल तर आतली गॅसची नळी हाताने घट्ट आहे ना, हे दर वेळी पाहायचं, ती फिरत फिरत सैल होते. पायांमधून जाणारा पट्टा लावायचा, नाहीतर जॅकेट वर राहतं आणि माणूस खालून निसटतो. आणि होडीत फळीखाली ठेवलेलं जॅकेट हे जॅकेट नसतं, सामान असतं.

जाता जाता एक गैरसमज. कमरेपर्यंतच्या रबरी बुटांत पाणी शिरलं की ते खाली ओढतात असं म्हणतात. पाण्यात पाण्याला वजन नसतं, त्यामुळे ते ओढत नाहीत. मात्र त्यांत पोहणं कठीण होतं आणि बाहेर चढताना ते सगळं पाणी पायांना लटकतं. तिथे दमछाक होते.

होडीवरच्या गोष्टी थोडक्यात उरकतो, कारण त्या बहुतेकांना माहीत असतात आणि करत कोणी नाही. नांगर नेहमी नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून टाकायचा, मागून टाकला तर लाट सरळ आत येते. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली हवी. होडी उलटली तरी तिला धरून राहायचं, उलटी होडी डोक्यापेक्षा लवकर दिसते. वायरलेसवर संकटाचा चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. तीनदा 'मेडे', मग होडीचं नाव, जागा, काय झालंय, किती माणसं. कार्बनचा रॉड विजेचा चांगला वाहक असतो, तेव्हा ढग गडगडले किंवा वरून तारा जात असतील तर तो आडवा करून ठेवायचा. आणि किनाऱ्यावरच्या एका माणसाला आपली जागा आणि परत यायची वेळ ठाऊक असायला हवी. "संध्याकाळपर्यंत येतो" ही वेळ नव्हे.

तीस मीटरवरून आलेला मासा

आता परत सोडण्याकडे. मासा पाण्यात टाकला, तो शेपटी हलवून गेला, म्हणजे वाचला असं आपण समजतो. बऱ्याचदा वाचतो. पण बऱ्याचदा नाही, आणि ते आपल्या नजरेआड घडतं.

खोल पाण्यातून वर काढलेला मासा जवळून पाहिलाय? डोळे खोबणीतून बाहेर आलेले, पोट ताठ, आणि तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी डोकावतंय. अनेकांना ती जीभ वाटते. ते त्याचं जठर असतं, आतून ढकलून बाहेर आलेलं. पाण्यात दर १० मीटरला दाब एक वातावरणाने वाढतो. तीस मीटरवर हवेचा एक आणि पाण्याचे तीन, असे एकूण चार. माशाच्या पोटात तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते. रीलने मिनिटभरात वर ओढल्यावर दाब चारवरून एकवर येतो आणि तीच हवा चौपट जागा मागते. पिशवी फुगते, फाटते, बाकीचे अवयव जिथे वाट मिळेल तिथे सरकतात. काही मासे तोंडावाटे ढेकर दिल्यासारखी हवा सोडू शकतात, शार्कला ही पिशवीच नसते, पण खडकांत राहणाऱ्या बहुतेक माशांना ही सोय नाही. असा मासा वरून सोडला तर फुग्यासारखा तरंगत राहतो आणि पक्ष्यांच्या तोंडी जातो.

बाहेर आलेलं जठर टोचून फोडणारे लोक मी पाहिलेत, मदत करतोय या समजुतीने. त्याने मासा मरतो. खरा उपाय उलटा आहे: त्याला पुन्हा खोल न्यायचं. जबड्याला हलकासा चिमटा, त्याला वजन, आणि दोर सोडत खाली. दाब वाढतो तशी पिशवीतली हवा आपोआप आकसते, आणि ठरलेल्या खोलीवर चिमटा सुटतो. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात खडकातले मासे गरवणाऱ्या होड्यांवर असं साधन, नाहीतर हवा काढायची पोकळ सुई, हाताशी तयार ठेवणं २०२२ मध्ये सक्तीचं झालं. हे सगळं करायचं नसेल, तर सोडण्याच्या बेताने खोल पाण्यात गरवूच नये, असं माझं मत आहे. पाहिजे तेवढे मासे घ्यावेत आणि थांबावं.

उथळ पाण्यातल्या माशाला दाबाचा त्रास नसतो, हवेचा असतो. कल्ल्यांचे पडदे पाण्यात उलगडलेले असतात, हवेत ते ओल्या कागदासारखे एकमेकांना चिकटतात. त्यात तो नुकताच जिवाच्या आकांताने झुंजलेला. धावून दमलेल्या माणसाचं नाक-तोंड दाबून "जरा इकडे बघ, फोटो काढतो" म्हणावं, तसं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ट्राउट माशांना दमवून काहींना लगेच पाण्यात राहू दिलं, काहींना ३० सेकंद आणि काहींना ६० सेकंद हवेत ठेवलं. पाण्यात राहिलेल्यांपैकी १२ टक्के मेले, ३० सेकंदवाल्यांपैकी ३८ आणि ६० सेकंदवाल्यांपैकी ७२ टक्के. ट्राउट गोड्या पाण्यातला आणि प्रयोग टाकीतला, त्यामुळे हेच आकडे प्रत्येक माशाला लावता येणार नाहीत. पण कल रोखठोक आहे. मासा उचलताना स्वतःचा श्वास रोखावा. आपल्याला गुदमरायला लागलं की त्याचीही वेळ संपली.

हात ओले करून धरायचं, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर ही त्याची रोगापासून राखणारी कातडी असते आणि कोरडा हात, टॉवेल, तापलेली फळी ती पुसून काढते. जबड्याने उभा लटकवायचा नाही, पोटाखाली दुसरा हात हवा. गरी, म्हणजे गळाचा आकडा, घशात गेली असेल तर ओढून काढण्याऐवजी तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, तोंडाजवळ कापून मासा सोडलेला बरा.

गरी घशात जाऊच नये म्हणून गोल गरी वापरावी, जिचं टोक आत, दांड्याकडे वळलेलं असतं. ती घशात सहज रुतत नाही, ओढ बसली की सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकते. फक्त एक सवय मोडावी लागते. मासा लागला की झटका द्यायचा नाही, शांतपणे गुंडाळत जायचं. जुन्या मंडळींना हे फार जड जातं. दुसरी गोष्ट म्हणजे गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकणं. हा सल्ला माशाच्या भल्यासाठी देतात, पण मी तो मानला तो माझ्या अंगठ्यात काट्यासकट गरी शिरल्यानंतर. बिनकाट्याची असती तर आली तशी निघाली असती.

मोठा मासा कोणाचा

"आम्ही चार हौशी लोक असे कितीसे मासे धरणार?" हा प्रश्न रास्त आहे. २००४ मध्ये स्टीव्हन कुक आणि इयन काउक्स यांनी जगभरच्या हौशी मासेमारीचा ढोबळ अंदाज बांधला, गोड्या आणि खाऱ्या पाण्यातली मिळून. वर्षाला सुमारे ४७ अब्ज मासे गळाला लागतात आणि त्यांतले जवळपास दोन तृतीयांश परत सोडले जातात. म्हणजे सोडण्याची रीत हा किरकोळ शिष्टाचार नाही, अब्जावधी माशांचा प्रश्न आहे.

कुठला सोडायचा याबद्दल आपली समजूत अर्धवट असते. लहान सोडा, मोठा ठेवा. लहान सोडायचं कारण सरळ आहे, त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत. पण खूप मोठी मादी ही नुसती मोठी नसते. माशाच्या वजनापेक्षा त्याची गाबोळी जास्त वेगाने वाढते. २०१८ च्या एका अभ्यासातलं उदाहरण सांगतो: ३० किलोच्या एका कॉड मादीत जेवढी अंडी असतात, तेवढी २ किलोच्या २८ माद्यांत मिळूनही नसतात, आणि त्या २८ जणींचं एकत्र वजन मात्र ५६ किलो. जिताड्याचं तर आणखी वेगळं. तो आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे सगळे मोठे जिताडे काढले तर मागे नरच उरतील. हेकरूच्या (ग्रुपरच्या) कुळात बऱ्याच जातींत याच्या उलट, आधी मादी आणि मग नर. म्हणून काही ठिकाणी नियमात खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा असतात, मधल्या मापाचाच मासा ठेवायचा. रॉडवर दोन खुणा करून ठेवल्या की मोजपट्टी शोधण्यात मासा तडफडत नाही.

फ्लोरिडातल्या की वेस्ट बंदरात हौशी लोकांना मासेमारीला नेणाऱ्या होड्या परतल्या की दिवसभराचे मासे फळीला टांगून फोटो काढायची पद्धत आहे. लॉरेन मॅक्लेनाहन या संशोधक बाईंनी १९५६ ते २००७ मधले असे फोटो जमवून त्यांतले मासे मोजले. सुरुवातीच्या फोटोंत माशाचं सरासरी वजन १९.९ किलो भरलं, शेवटच्या फोटोंत २.३ किलो. जुन्या फोटोंत माणसापेक्षा लांब हेकरू लटकलेत, नव्या फोटोंत हातभर मासे. माणसांचे चेहरे मात्र दोन्हींत सारखेच खूश.

त्याच फ्लोरिडात केप कॅनाव्हरल इथे १९६२ मध्ये अवकाशतळाच्या आसपासचं पाणी लोकांना बंद झालं. कारण सुरक्षेचं होतं, माशांचा विचार कोणी केलेला नव्हता. पुढे या बंद पाण्याच्या भोवतालच्या किनाऱ्यावर गळाने धरलेल्या विक्रमी माशांची रांग लागली. कॅलम रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे विक्रम तारखेप्रमाणे मांडले, तेव्हा क्रमही दिसला: कमी जगणाऱ्या स्पॉटेड सी-ट्राउटचे विक्रम आधी वाढू लागले, दीर्घायुषी रेड ड्रम आणि ब्लॅक ड्रमचे पार दोन-तीन दशकांनंतर. आत मासे निवांत म्हातारे होत होते आणि त्यांतले काही बाहेर येत होते. बंद क्षेत्राला विरोध करणारे गरवणारे अजूनही भेटतात. पण त्यांतलेच काही नकाशावरची ती रेषा फार बारकाईने पाहतात, तिच्या बाहेर नेमकं कुठे उभं राहायचं ते ठरवायला.